वेताचे मुद्दल, वेताचे व्याज

दिवाणखान्यातील वेताची खुर्ची वजनाने हलकी, पण कित्येक वर्षे टिकणारी. वेत दिसतो बांबूसारखा. कुळ मात्र त्याचे नारळ-सुपारीचे. ताडवर्गातील ही वेल असून तिचे खोड आतून भरीव असते. आकडेदार काट्यांनी झाडांना धरीत ती उन्हाकडे चढते. अर्थात, जेथे वृक्ष उभे नाहीत, तेथे वेतही नाही.

खुर्चीच्या सांगाड्यासाठी सर्वांत नावाजलेला जाड वेत म्हणजे सुमात्रा व मलायाच्या अरण्यांतील ‘मनाउ’. त्याला एकच खोड असते. ते तोडले की झाड संपते. बुंध्यातून पुन्हा फुटवा येत नाही. शिवाय नर व मादी वेली वेगवेगळ्या असतात. फळ धरण्यापूर्वीच तोड झाली, तर पुढची पिढीही बुडाली. सततच्या तोडीने हा वेत आता त्याच्या मूळ रानातच दुर्मीळ झाला आहे. व्यवहाराच्या भाषेत ही मुद्दलाची उचल होय.

याउलट बोर्निओतील कालिमंतान प्रांतात ‘सेगा’ नावाचा बारीक वेत पुंजक्याने वाढतो. त्याच्या पक्व काठ्या काढल्या तरी नवे कोंब फुटत राहतात. तेथील दायाक शेतकरी एकोणिसाव्या शतकापासून भाताच्या फिरत्या शेतांत हा वेत लावीत आले. भात निघाल्यावर जमीन पडीक राहते, रान पुन्हा वाढते आणि त्यावर वेत चढतो. सात ते दहा वर्षांनी पहिली तोड होते. त्यानंतर व्याज हाती येत राहते व मुद्दल रानात सुरक्षित असते.

२०१२ पासून इंडोनेशियाने कच्चा व अर्धवट तयार वेत परदेशी पाठविण्यास बंदी केली. देशातील कारखान्यांना माल मिळावा, हा हेतू रास्तच होता. परंतु गिऱ्हाईक कमी झाले आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव घसरला. अनेक बागा दुर्लक्षित झाल्या. काहींच्या जागी तेलताड उभा राहिला. ज्या रानातून उत्पन्न नाही, ते राखण्याचे बळ गरीब कुटुंबाने कोठून आणावे?

पेढीवर बसणाऱ्याला हा हिशेब नवा नाही. माल पुरविणारा बुडाला तर दुकानही फार काळ चालत नाही. म्हणून वेताची वस्तू घेताना माल लागवडीचा आहे की रानातून तोडलेला, हे अवश्य विचारावे आणि लागवडीच्या मालाला दोन पैसे अधिक द्यावेत. त्या दोन पैशांवर दूरच्या बेटावरील एखादे रान उभे राहू शकते.