स्वस्तातला जुना डोझर महागात का पडतो? आधी चेन मोजा, मग सौदा करा

परांडा : सप्टेंबर 2025 च्या पुराने सीनाकाठची जमीन खरडून नेली. कुठं माती गेली, कुठं पिकावर वाळू अन् गोटे येऊन बसले. ऑक्टोबरमध्ये सरकारने पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंत मदत, असं त्यात सांगितलं. तेव्हापासून पारावर तरुण पोरांची एकच चर्चा ऐकू येते. जुना डोझर घेऊ, सपाटीकरणाची कामं भरपूर आहेत, दोन सिझनमध्ये पैसे फिटतील.

फिटतील का, ते बघू.

आधी कामाचं बोलू. रोजगार हमीचा पाया मजुराच्या हाताला काम हा आहे. मजुराचं काम काढून घेणारी यंत्रं शक्यतो वापरायची नाहीत, असाच तिचा नियम राहिला आहे. म्हणून 3 लाखांचा आकडा डोझरच्या खात्यात धरता येत नाही. राहिले रोख 47 हजार. त्यातून शेतकऱ्याला बियाणं, खत, उसनवारी सगळंच भागवायचं आहे.

आता मशीनचं. यार्डात उभा असलेला डोझर नवा रंग मारलेला असतो. अवर मीटर कमी तास दाखवतं, पण मीटर बदलता येतं. चेन खोटं बोलत नाही. चेनच्या डोझरच्या आयुष्यभराच्या दुरुस्तीत साधारण निम्मा खर्च एकट्या खालच्या भागावर होतो, म्हणजे चेन, रोलर, आयडलर आणि स्प्रॉकेट यांच्यावर. काळ्या मातीपेक्षा वाळू आणि गोटे हा भाग लवकर खातात. अन् पुरानंतर आपल्याकडं नेमकं तेच काम आहे.

हिशेबासाठी आकडे धरू, मशीनप्रमाणे ते कमी-जास्त होतील. डोझर 18 लाखांना घेतला. 5 लाख घरचे, 13 लाख कर्ज, व्याज 14 टक्के, मुदत 3 वर्षं. हप्ता महिन्याला 44 हजार 400 च्या आसपास बसतो, वर्षाला 5 लाख 33 हजार. शेतातलं काम रब्बी निघाल्यापासून पहिल्या पावसापर्यंत, म्हणजे जेमतेम चार महिने. महिन्याला 150 तास धरले तर वर्षात 600 तास. म्हणजे तासामागं 888 रुपये नुसता हप्ता. डिझेल, ऑपरेटर, ऑइल, ट्रेलरचं भाडं वेगळं.

आता चेन-रोलरचा पूर्ण संच 6 लाखांचा आणि 3000 तास चालणारा धरा. तासाला 200 रुपये त्याचे. पण जुन्या मशीनचे त्यातले 2500 तास आधीच्या मालकाने वापरलेले असतील, तर पहिल्याच वर्षी 6 लाख काढावे लागतात. 18 लाखांचा डोझर 24 लाखांना पडला. त्यात मे महिन्यात पंप किंवा गिअरचं काम निघून मशीन महिनाभर उभं राहिलं, तर 450 तासच भरतात आणि हप्ता तासाला 1184 वर जातो. मिस्त्रीचं बिल डोळ्याला दिसतं. उभं राहिलेलं मशीन किती खातं, ते कुणी मांडत नाही.

म्हणून बघायला जाताना दलालाच्या नव्हे, आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला सोबत न्या. त्याची हजेरी द्या, ती वाया जात नाही. इंजिनला आधी हात लावून बघा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलंय असं समजा. थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करायला लावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पातं उचलून इंजिन बंद करा, लांब उभं राहून बघा. पातं पटकन खाली बसत असेल तर सिलिंडरचे सील गेलेत किंवा व्हॉल्व्ह गळतोय. स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले असतील तर चेन संपत आली. फायनल ड्राइव्हचं थोडं ऑइल काढून बघा, त्यात लोखंडाचा चुरा चमकला तर सरळ घरी या.

कागदाचंही बघा. जेसीबीला चाकं असतात, आरसी बुक असतं, त्यावर बँकेचा बोजा दिसतो. चेनचा डोझर रस्त्यावर चालत नाही, त्यामुळं त्याला बहुधा आरसी बुक नसतं. मूळ बिल, मशीनवरचा नंबर आणि कर्ज फिटल्याचा दाखला हे तिन्ही जुळल्याशिवाय इसार देऊ नका.

डोझर घेऊच नये असं नाही. पण 18 लाखांची ऐपत असेल तर सौदा 12 च्या वर नेऊ नका, एका चेनचे पैसे बाजूला ठेवा. तेवढं जमत नसेल तर पाच-सात शेतकऱ्यांनी मिळून तासावर भाड्याने मशीन आणावं, ते परवडतं. पुराने जमीन नेली, ती हळूहळू सावरेल. हप्ता थकला तर राहिलेली जमीनही गहाण पडेल.