विश्लेषण : मारुतीचं इंजिन असो की टर्बाईन, जीव जातो तो पात्यानं

अमरावती : छोट्या हेलिकॉप्टरचं पेट्रोल इंजिन काढून टर्बाईन बसवल्याचे परदेशातले व्हिडिओ मोबाईलवर पाहायला भेटतात. ते पाहून गावातला एखादा हुशार मिस्त्री म्हणतो, "इंजिन दमदार पाहिजे भाऊ, मग काहून उडणार नाही?" पण आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातली घटना वेगळंच सांगते.

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीचा शेख इस्माईल, म्हणजे गावाचा 'मुन्ना हेलिकॉप्टर'. शिक्षण आठवीपर्यंत, धंदा वेल्डिंगचा. दोनेक वर्षं खपून त्यानं मारुती 800 चं इंजिन लावून हेलिकॉप्टर बनवलं. ऑगस्ट 2021 मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या काही दिवस आधी, रात्री जमिनीवरच चाचणी सुरू होती. मागच्या पंख्याचं पातं तुटलं, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि आत बसलेल्या मुन्नाच्या डोक्याला मार लागला. वयाच्या 24 व्या वर्षी पोट्टा गेला.

मारुती 800 चं इंजिन साधारण 37 हॉर्सपॉवरचं. रॉबिन्सन आर-22 या दोन सीटच्या हेलिकॉप्टरला 124 हॉर्सपॉवर लागते. म्हणजे ताकद कमीच होती. पण घात केला तो पात्यानं, इंजिनानं नाही. तिथं टर्बाईन असतं तरी तुटणारं पातं तुटलंच असतं, अन् जास्त जोरानं आलं असतं.

साधा हिशोब करा. 25 फूट व्यासाचा पंखा मिनिटाला 500 फेरे फिरला, तर पात्याचं टोक ताशी 700 किलोमीटरच्या वर पळतं. तेव्हा एकेका पात्याच्या मुळाशी काही टनांची ओढ बसते. तिथं नजरेच्या अंदाजानं केलेलं वेल्डिंग अन् बॅलन्सिंग चालत नाही.

टर्बाईन वजनाला हलकं अन् कंप कमी, हे खरं. अमेरिकेत हौशी लोक सोलर टी-62 नावाचं छोटं टर्बाईन किट हेलिकॉप्टरला लावतात. पण ते आतून मिनिटाला 60 हजारांच्या आसपास फेरे घेते. पंख्यापर्यंत तो वेग उतरवायला नेमका गिअरबॉक्स लागतो. इंधनही जास्त पिते, उष्णता प्रचंड, अन् हवेसोबत धूळ आत गेली की आतली पाती झिजतात. आपल्याकडचा उन्हाळा अन् धूळ पाहता हा घरगुती जुगाडाचा विषय नाही.

मग हौस मारायची का? नाही. मुंबईच्या अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर विमान बांधलं. 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, 2019 मध्ये डीजीसीएकडून उड्डाणाची परवानगी भेटली. वर्षं लागली, चकरा लय झाल्या, पण ते स्वतः वैमानिक होते अन् कागदपत्रांचा रस्ता त्यांना माहीत होता. मुन्नाला तो रस्ता दाखवणारं जवळ कोणी नव्हतं.

खरी उणीव इथंच आहे. 16 एप्रिल 2025 ला बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. अमरावती-अकोल्यात आयटीआय आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. गावच्या कारागिराला तिथं आपलं यंत्र दाखवता आलं पाहिजे, वेल्डिंग-बॅलन्सिंग तपासून भेटलं पाहिजे. तोवर एवढं पाळाच : फिरणाऱ्या पंख्याची चाचणी आत बसून करू नका. यंत्र जमिनीला जखडा, थ्रॉटल लांबून चालवा, अन् व्हिडिओसाठी जमलेली गर्दी आधी दूर करा.