ब्राझीलला जाताय? मग रिओ विसरा

परदेश दौऱ्याला निघालेल्या माणसाला सल्ले देणाऱ्यांचा आमच्या लोहाऱ्यात तोटा नाही. खाकरे घ्या, लोणचं घट्ट बांधा, रिओला येशूच्या पुतळ्यासमोर हात पसरून फोटो काढा. झाला अभ्यास! शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यास दौऱ्यासाठी कृषी खातं खर्चाचा काही भाग देतं. म्हणजे पैसा जनतेचाही असतो. पण परतलेल्या पाहुण्याच्या मोबाइलात मला शेत शोधावं लागतं, समुद्रकिनारा आपोआप सापडतो.

ब्राझील आम्हाला परका नाही हो. भारतात सोयाबीन पिकतं साधारण सव्वा कोटी टन, तिथे पंधरा कोटींच्या पुढे. तिथे पाऊस चांगला झाला की इथल्या आडतीवर भाव पडतो. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये, आणि तो मिळवायला शेतकऱ्यानं रांगेत उभं राहायचं. जनुकबदल केलेलं सोयाबीन पेरायला आम्हाला परवानगी नाही. तसल्याच सोयाबीनचं तेल मात्र ब्राझील-अर्जेंटिनाहून जहाजानं येतं आणि आमच्याच कढईत तापतं. ज्याच्यामुळे आपला भाव पडतो, त्याचं घर बघायला जायचं आणि अंगणातल्या पुतळ्याचा फोटो काढून परत यायचं?

तेव्हा जायचंच तर मातो ग्रोसोला जा. रिओपासून हे राज्य दीड हजार किलोमीटरहून लांब आहे, म्हणूनच सहलवाल्यांच्या पत्रकात ते नसतं. कुयाबाला विमानानं उतरायचं, तिथून उत्तरेला सोरिसोपर्यंत रस्त्यानं. जानेवारी-फेब्रुवारीत काढणी चालू असते. जूनमध्ये गेलात तर सोयाबीनऐवजी मका बघून याल.

कागदांचं आधी बघा. ब्राझीलचा व्हिसा लागतो आणि त्यांचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून अमेरिकेमार्गे काढू नका. नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो. अदिस अबाबा किंवा दुबईमार्गे साओ पावलो गाठा. पीतज्वराची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्या. ती गावच्या दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. लशीचं पिवळं कार्ड नसेल तर परतताना आपलंच सरकार सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतं. हे कुणी सांगत नाही, खाकरे सगळे सांगतात. खरं तर तिथे घरोघरी भात आणि घेवड्याची उसळ असते! त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, तेवढं माळकऱ्यानं विचारून घ्यावं. भाषा पोर्तुगीज आहे, स्पॅनिश नव्हे. दुभाष्याचे पैसे वाचवलेत तर दौरा मुका होईल. आणि शहरात रस्त्यावर मोबाइल हातात नाचवू नका.

तिथे काय बघायचं? अजस्र हार्वेस्टर नको. तिथल्या शेताचा एक तुकडा आमच्या शिवाराएवढा. तीन एकरवाल्यानं ते यंत्र बघून नुसता उसासा टाकायचा. जिवाणू बघा. योहाना डोबेराइनर नावाच्या बाईंनी रायझोबियम या जिवाणूचा पाठपुरावा केला आणि ब्राझीलनं सोयाबीनचं जवळपास सगळं नत्र हवेतून घेतलं, युरियाच्या पोत्यातून नव्हे. 1973 साली स्थापन झालेल्या एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेनं तिथल्या आम्लधर्मी मातीत चुना घालून ती पिकाऊ केली. रायझोबियम परभणीच्या कृषी विद्यापीठातही मिळतं, तेही चहा-भज्यांच्या पैशात. पण ते आणायला विमान लागत नाही, म्हणून त्याची ऐट नाही.

गोदामं बघा, आणि माल बंदरापर्यंत नेणाऱ्या ट्रकांच्या रांगाही बघा. ब्राझीलवाल्यांचीही वाहतुकीत दमछाक होते, हे कळलं तर ‘ब्राझील पॅटर्न’चं भाषण ठोकताना जीभ जरा अडखळेल.

मूठभर बियाणं खिशात घालून आणण्याचा शहाणपणा करू नका. विमानतळावर अडकाल, आणि सुटलात तरी तो गुन्हाच.

परतल्यावर सत्काराची शाल घ्या, माझी हरकत नाही. त्याआधी आठवडी बाजारात उभं राहून एवढं सांगा: तिथल्या शेतकऱ्याला बांधावर काय भाव मिळाला, माल त्यानं किती दिवस थोपवला, आणि साठवणुकीचा खर्च कुणी सोसला.