मालकहो, त्या साखळीचा दाखला दाखवा!

डाय उचलताना साखळी तुटते, खाली उभा असलेला ठेकेदारी कामगार चिरडला जातो, आणि गुन्हा दाखल होतो हायड्रा क्रेनच्या चालकावर! हातात दिलेल्या साखळीने सांगितलेला भार उचलणारा चालक आरोपी; तीच साखळी भंगारातून किलोच्या भावाने आणणाऱ्या मालकाला कोणी प्रश्नही विचारत नाही. हा उघड अन्याय आहे.

1948 च्या कारखाने अधिनियमातले कलम 29 पाहा. भार उचलणारी प्रत्येक साखळी सक्षम व्यक्तीने बारा महिन्यांतून किमान एकदा कसून तपासलीच पाहिजे, असे ते सांगत होते. तिच्यावर सुरक्षित भार आणि ओळखक्रमांक ठळक लिहिलेला हवा होता, नोंदवहीत तिची नोंद हवी होती, आणि चाचणी वगळता त्या भारापलीकडे तिला ताण देण्यास मनाई होती. आता त्याच्या जागी 2020 ची कामगार सुरक्षेची संहिता आली; पण कायदा बदलला म्हणून पोलादाचा स्वभाव बदलत नाही. आमचा सवाल साधा आहे. भोसरीपासून बुटीबोरीपर्यंत किती शेडमधल्या साखळ्यांना सुरक्षित भार लिहिलेला बिल्ला आहे? बिल्ला नसेल, तर ती किती टनांची हे मालकाने ठरवले तरी कशावरून?

उचलण्याची साखळी मिश्रधातूच्या पोलादाची, उष्णतोपचार केलेली असते. ग्रेड 80 किंवा 100 चा शिक्का तिच्या कड्यांवरच असतो. अशी कडी तुटली की आमचे शूर सुपरवायझर तिला वेल्डिंगचा टाका मारतात! त्या टाक्याच्या आचेने उष्णतोपचार मातीत जातो, आणि कडी बाहेरून धडधाकट दिसत असताना आतून निकामी झालेली असते. दुसरा प्रकार गंज काढण्यासाठी ॲसिडमध्ये बुडवण्याचा. त्यातला हायड्रोजन पोलादात शिरतो, ते ठिसूळ होते आणि पुढे कसलीही सूचना न देता तडकते. साखळी आखूड करायला गाठ मारणे, दोन तुकडे नटबोल्टने जोडणे, हुकाच्या टोकावर भार टांगणे, धारदार कडेवरून साखळी तशीच ओढणे हे सारे रोज, दिवसाढवळ्या चालते. याला निष्काळजीपणा म्हणणेही सौम्य ठरेल.

16 मिलिमीटरची कडी झिजून 14.4 वर आली की ती बाद. का? जाडी दहा टक्क्यांनी घटली म्हणजे छेदातले एकोणीस टक्के पोलाद गेले! कडी पाच टक्के लांबली तरी बाद. हे मोजायला हवा एक व्हर्नियर आणि दहा मिनिटे. ती दहा मिनिटे उत्पादनातून वजा होतात, म्हणून माणसाचा जीव वजा करायचा?

आणि कोन! पाच टनांचा भार दोन पायांच्या स्लिंगने उचलताना पाय उभे असतील, तर प्रत्येकावर अडीच टन येतात. तेच पाय फाकून आडव्या रेषेशी 30 अंशांवर आले, की प्रत्येक पायावर अख्खे पाच टन! हे गणित स्लिंग लावणाऱ्या पोराला कोणी शिकवले आहे? काल शेतमजुरी करणाऱ्याच्या हातात आज हूक द्यायचा आणि उद्या त्याच्याच चुकीचा पंचनामा करायचा, ही मुर्दाड रीत आहे.

रस्त्यावर तर आणखी अनर्थ. ट्रेलरवर माल बांधण्याची ग्रेड 70 ची साखळी उचलण्यासाठी नसतेच, तरी तीच क्रेनला लावली जाते. आणि बांधणीचे म्हणाल, तर कळंबोलीच्या पोलाद बाजारातून पंचवीस टनांची कॉइल निघते, तेव्हा बांधणी कशी होते ते कोणीही उभे राहून पाहावे. करकचून ब्रेक लागला, तर भाराच्या आठ दशांश जोर पुढे येईल असे धरून बांधावे, असे युरोपचे मानक सांगते. म्हणजे वीस टन! त्या वीस टनांसमोर असते चालकाची केबिन, आणि केबिनमध्ये असतो माणूस.

दर 4 मार्चला सुरक्षा दिनाचे बिल्ले छातीवर लावून शपथा घेणाऱ्या व्यवस्थापनांनी पुढच्या वर्षी शपथ घेऊ नये. त्या दिवशी स्टोअरमधली प्रत्येक साखळी जमिनीवर पसरावी, पुसावी, कडी न् कडी मोजावी आणि बाद ठरलेली गॅसकटरने सर्वांसमोर कापावी, म्हणजे ती रात्रपाळीला पुन्हा हुकावर चढणार नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने आगाऊ कळवून येणे बंद करावे. साखळी तुटून मृत्यू झाला, तर पोलिसांनी आधी नोंदवही आणि दाखला जप्त करावा, खरेदीची पावती मागावी, आणि ती पावती भंगाराची निघाली, तर ज्याने तिच्यावर सही केली त्याला त्याच रात्री कोठडीत घालावे!