विश्लेषण : सगळे एकाच बाजूने लढत असताना बंदूक ‘कमजोर’ कशाला करायची?

‘बीजीएमआय’सारख्या गेममध्ये एखादी बंदूक जास्तच भारी निघाली की ओरड होते, कारण समोरही माणूसच असतो. पण चार मित्र मिळून कॉम्प्युटरच्या शत्रूंशी लढत असतील तर? समोरच्या राक्षसी किड्यावर अन्याय झाला म्हणून कोणी रडत नाही. मग अशा को-ऑप गेममध्येही कंपन्या शस्त्रांची ताकद कमी-जास्त का करत बसतात, हा प्रश्न ‘हेलडायव्हर्स २’च्या खेळाडूंनी २०२४ मध्ये वारंवार विचारला. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र शेजारी लढणाऱ्या मित्राकडे पाहिले तरच सापडते.

नेमके काय झाले होते?

स्टॉकहोममधील ‘ॲरोहेड’ स्टुडिओचा हा गेम ८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्लेस्टेशन ५ आणि पीसीवर आला. चौघांच्या टीमने परग्रहावर उतरायचे, मोहीम फत्ते करून निघायचे. वरच्या लेव्हलवर ‘चार्जर’ नावाचे चिलखती किडे एकामागून एक धावून येत. ते चिलखत फोडणारी शस्त्रे मोजकीच, आणि त्यांत रेलगन सर्वांत सोयीची. तिच्यासाठी पाठीवर दारूगोळा वाहावा लागत नाही, म्हणजे तिथे संरक्षक ढालीचा बॅकपॅक लावता येतो. रेलगन, ढाल आणि ‘ब्रेकर’ शॉटगन असा ठरलेला संचच तयार झाला. दुसरे काही घेतले तर होस्ट टीममधून काढून टाकतो, अशा तक्रारी येऊ लागल्या.

माझ्या मते मुद्दा इथेच आहे. एवढी शस्त्रे असतात ती चौघांनी कामे वाटून घ्यावीत म्हणून. एकाने छोट्या किड्यांची गर्दी आवरायची, दुसऱ्याने अजस्र शत्रू पाडायचा, तिसऱ्याने वाट मोकळी ठेवायची. एकच शस्त्र सगळे करू लागले की ज्याच्या हातात ते आहे तो खेळतो, बाकीचे त्याच्या मागे पळतात. गल्ली क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्यानेच सगळ्या ओव्हर खेळून काढाव्यात, तसे. सामना जिंकला तरी उरलेल्यांना काय? ऑफिस आटपून रात्री जेमतेम तासभर मिळणारा माणूस दोन-चार दिवस हे सहन करतो, मग गेम डिलीट करतो.

मग ‘नर्फ’ चुकला कुठे?

शस्त्र कमजोर करणे म्हणजे ‘नर्फ’, ताकद वाढवणे म्हणजे ‘बफ’. (नर्फ हा फोमच्या गोळ्या मारणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांचा ब्रँड, शब्द तिथून आला.) ६ मार्चच्या अपडेटमध्ये त्या संचातल्या तिन्ही वस्तू नर्फ झाल्या. ब्रेकरचे मॅगझिन १६ गोळ्यांवरून १३ वर आले, रेलगनची चिलखत फोडण्याची ताकद घटली. फ्लेमथ्रोअरचा मारा ५० टक्क्यांनी वाढवला होता, पण तेव्हा त्याचे कौतुक करायला कोणाला वेळ होता?

चार्जर मात्र होते तसेच राहिले. सगळा भार एकाच बोल्टवर येत असेल तर बोल्ट सैल करून भार वाटला जात नाही, सांगाडा बदलावा लागतो. एवढे तर इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात कळते. नंतर स्टुडिओने तेच केले. चार्जरच्या डोक्याची सहनशक्ती कमी केली आणि नेमका लागलेला एक रॉकेट त्याला पाडू लागला. रेलगनला पर्याय मिळाला.

तरीही ६ ऑगस्टच्या मोठ्या अपडेटमध्ये पुन्हा तोच प्रकार झाला. फ्लेमथ्रोअरची आग चार्जरच्या पायाच्या चिलखतातून आरपार जायची, ती थांबली. दोनच दिवसांनी आगीच्या शस्त्रांचा ‘फ्रीडम्स फ्लेम’ हा नवा संच येणार होता! तांत्रिक कारण काहीही असो, जो माल विकायला काढता आहात तोच आदल्या दिवशी बोथट करू नये, हे कोणताही दुकानदार सांगेल. रोगापेक्षा इलाज भयंकर ठरला.

पुढे काय बदलले?

नाराजी इतकी वाढली की स्टुडिओने सुधारणांसाठी ६० दिवसांचा आराखडा जाहीर केला. १७ सप्टेंबरच्या अपडेटमध्ये रेलगनसह अनेक शस्त्रे बफ झाली आणि शत्रूंच्या चिलखताची मांडणीही बदलली. त्यानंतर गेम फारच सोपा झाल्याची कुरकुर काही जुने खेळाडू करू लागले. तीही खोटी नसेल. पण शत्रू वाढवून ती सोडवता येते, आणि तोवर चौघांच्या हातात चार वेगळी शस्त्रे तरी दिसतात.