न मळता होणारा पाव

पाव घरी करायचा म्हटले की पहिली अडचण यीस्टची. ते ताजे आहे की नाही, पीठ फुगेल की नाही, थंडीत किती तास झाकून ठेवायचे, या विचारानेच पुष्कळ गृहिणी बेकरीची वाट धरतात. पण यीस्टशिवाय, तासाभरात होणारा एक पाव आहे. त्याला लागतात चारच वस्तू : मैदा, मीठ, खायचा सोडा आणि ताक. हा आयर्लंडचा सोडा ब्रेड. तो करायला अवघड मुळीच नाही, फक्त हाताची एक जुनी सवय आवरावी लागते. भिजवलेले पीठ समोर आले की आपण ते मळू लागतो. हा पाव मळला की बिघडतो!

त्याचे कारण त्या देशाच्या शेतात आणि चुलीत सापडते. आयर्लंडची हवा थंड आणि दमट. तिथल्या नरम गव्हात प्रथिने कमी असतात. यीस्टच्या पावाला ताणले जाणारे चिवट पीठ हवे असते. या गव्हाचे पीठ तसे होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खायचा सोडा मिळू लागला आणि हाच नरम गहू कामाला आला. कारण सोड्याच्या पावाला चिवटपणा नकोच असतो.

ताक तर घरचेच होते. लहान शेतकऱ्याच्या घरी गाय असली तरी लोणी बाजारात जायचे, त्या पैशांतून जमिनीचा खंड भरायचा. घरच्यांच्या वाट्याला राहायचे ते ताक. गरिबांचे जेवण म्हणजे उकडलेले बटाटे आणि हे ताक. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली. जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्यानंतर बटाट्यावरची सारी भिस्त कमी होत गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोड्याचा पाव घरोघरी रुळला. आज पर्यटक कौतुकाने खातात तो पाव असा उरल्यासुरल्यातून उभा राहिला आहे.

भट्टी मात्र बहुतेक घरांत नव्हती. दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या विटा चुलीत जळत. त्यावर ‘बास्टिबल’ नावाचे बिडाचे जाड भांडे ठेवायचे, आत पाव आणि झाकणावर निखारे. गोव्यात बेबिंकेला वरून निखाऱ्यांची धग देतात, तसाच हा प्रकार. खेड्यापाड्यांत वीज नेण्याची योजनाच तिथे १९४६ मध्ये सुरू झाली. तोवर कित्येक घरांत पाव असाच भाजला जात होता.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ.

साहित्य : मैदा ४५० ग्रॅम (सुमारे साडेतीन कप), खायचा सोडा १ सपाट चहाचा चमचा, मीठ १ सपाट चहाचा चमचा, आंबटसर दाट ताक ३५० ते ४०० मि.ली.

कृती : ओव्हन २३० अंशांवर आधी तापवून ठेवा. मैदा, मीठ आणि सोडा एकत्र चाळा. सोड्याची गुठळी राहिली तर पावात पिवळा, कडवट डाग पडतो. मध्ये खळगा करून बहुतेक ताक एकदम ओता. बोटे फाकवून हात गोल फिरवा आणि पीठ जेमतेम एकत्र येईल इतकेच कालवा. कोरडे वाटले तर उरलेले ताक घाला. गोळा मऊ, किंचित ओलसर हवा. पीठ भुरभुरवलेल्या ओट्यावर तो हलकेच गोल करा आणि दीड इंच जाडीचा थापा. सुरीने वर खोल फुली कापा. १५ मिनिटांनी आच २०० अंशांवर आणून आणखी अर्धा तास भाजा. पाव उलटा करून बुडावर टिचकी मारा; पोकळ आवाज आला की झाला.

ही फुली घरातल्या पऱ्यांना बाहेर जायला वाट म्हणून, असे तिथे गमतीने सांगतात. कुणी तिला क्रूसाची खूण मानतात. व्यवहारात तिचा उपयोग असा, की जाड पावाच्या मध्यापर्यंत धग पोचते.

घाई का करायची, तेही लक्षात ठेवा. ताकातले आम्ल आणि सोडा एकत्र आले की लगेच वायू सुटू लागतो. तोच पाव फुगवतो. पीठ भिजवून ठेवले, तर तो वाया जातो. मळत बसले, तर वायू निघून जातो आणि पाव दडस होतो. म्हणून भिजवण्याच्या आधी ओव्हन तापलेला हवा. सोडा मापाबाहेर घालू नका. पाव पिवळट होतो आणि साबणासारखी चव येते. आपले रोजचे ताक पातळ असते, तेव्हा तीन भाग आंबट दह्यात एक भाग पाणी घालून घुसळा.

ओव्हन नाही? उत्तर आयर्लंडच्या बायकांचा मार्ग घ्या. हेच पीठ अर्ध्या इंचाचे थापून त्याचे चार तुकडे करा. त्यांना ‘फार्ल’ म्हणतात. जाड, कोरड्या तव्यावर मैदा भुरभुरवून मंद आचेवर दोन्ही बाजू सात-आठ मिनिटे भाजा.

अर्धा मैदा आणि अर्धी कणीक घेतली तर पाव तपकिरी आणि खमंग होतो; पण आपली कणीक चिवट, तेव्हा हात आणखी हलका ठेवा. मुलांसाठी थोडी साखर आणि मूठभर बेदाणे घालायला हरकत नाही. आयर्लंडमध्ये अशा पावाला ‘ठिपक्यांचा कुत्रा’ म्हणतात. जुन्या वळणाच्या लोकांच्या मते मात्र खरा सोडा ब्रेड चारच वस्तूंचा.

हा पाव दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. त्याच दिवशी, लोणी लावून, गरम चहाबरोबर खावा. उरलाच तर सकाळी काप करून तव्यावर खरपूस शेका. फ्रिजमध्ये आंबट झालेले ताक टाकून देण्यापूर्वी आता एकदा मैद्याचा डबा उघडून पाहा.