ऑपरेशन झालंय. सांगू की नको?

पाय मोडला तर प्लास्टरवर सह्या होतात. अपेंडिक्स काढलं तर शहाळी घेऊन अख्खी गँग घरी धडकते, सलाईन लावलेल्या हाताचा फोटो ग्रुपवर पडतो, खाली ‘गेट वेल सून’ची रांग लागते. ब्रेस्ट रिडक्शन झालेली मुलगी मात्र पंधरा-वीस दिवस नुसती गायब होते. परत येते तेव्हा तिच्याकडे एक स्टोरी तयार असते. टायफॉइड झाला होता. गावी गेले होते. किंवा सगळ्यात चालणारी: ‘छोटीशी गाठ होती, काढली.’

माझ्या बाबतीत घरच्यांनी ही तिसरी निवडली. मागच्या वर्षी, डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला असताना माझं ब्रेस्ट रिडक्शन झालं. नातेवाइकांना सांगितलं गेलं की गाठ होती. झालं काय, तर सिन्नरची आत्या फोनवर ढसाढसा रडली. छातीतली गाठ म्हटल्यावर माणूस एकच अर्थ लावतो ना! मग ‘तसली नाही हो वन्सं, साधी गाठ’ असं समजावण्यात आईचे चार दिवस गेले. खरं सांगितलं असतं तर एका फोनमध्ये काम झालं असतं. पण खरं सांगायला आमच्या घरात कुणाला शब्दच सापडेना.

म्हणून आधी हे ऑपरेशन काय असतं ते सरळ सांगते. छातीचं वजन शरीराला पेलवेनासं झालं की मान, खांदे, पाठ दुखायला लागतात. ब्राच्या पट्ट्या खांद्यात रुतून तिथे कायमचे खड्डे पडतात. खालच्या बाजूला घाम साचून पुरळ येतं, बुरशी होते, उन्हाळ्यात तर कातडी सोलून निघते. ऑपरेशनमध्ये जादाची चरबी, ग्रंथींचा भाग आणि कातडी काढतात, स्तनाग्र वर सरकवतात आणि उरलेल्याला नवा आकार देतात. पूर्ण भूल देऊन दोन ते चार तास लागतात. टाक्यांचे व्रण बहुतेक वेळा जहाजाच्या नांगराच्या आकाराचे असतात. काढलेला भाग तपासणीला पाठवतात. शरीराची वाढ थांबेपर्यंत सर्जन सहसा थांबायला सांगतात. आणि तोटेही आहेत: संवेदना कमी होऊ शकते, पुढे बाळाला अंगावर पाजताना अडचण येऊ शकते, वजन वाढलं किंवा गरोदरपण आलं तर आकार पुन्हा वाढू शकतो. हे सगळं सर्जनने मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. एकवीस वर्षांच्या मुलीला समजतं ते.

नातेवाइकांचा प्रश्न अर्थातच एकच होता, लग्नानंतर नसतं का करता आलं? पाठ माझी दुखतेय आणि वाट कुणाची बघायची, तर अजून न भेटलेल्या एका माणसाची.

पण मला जास्त विचार करायला लावलं ते मैत्रिणींनी. इन्स्टावर बॉडी पॉझिटिव्हिटीची रील्स शेअर करणाऱ्या, मनापासून माझ्या बाजूच्या मैत्रिणी. ‘तू आहेस तशी छान आहेस, समाजाच्या नजरेसाठी शरीर कशाला कापून घेतेस?’ यावर सुरुवातीला मी पाठदुखीचं पाल्हाळ लावायचे, एमआरआय काढल्यासारखं वर्णन करायचे. नंतर लक्षात आलं, आपल्याला हे ऑपरेशन ‘मिळावं’ म्हणून आपण दुखणं सिद्ध करत बसलोय. मानेला इन्स्टाग्राम कळत नाही, ती दुखतेच. पण समजा, कारणांत थोडा भाग लोकांच्या नजरांचाही असला, तर? होताच. नववीपासून सीबीएसच्या स्टँडवरून चालताना फाइल छातीशी धरून चालत आलेय मी. पोक काढून चालायची सवय माझ्या पाठीला आधी नजरांनी लावली, वजनाने नंतर. यातलं वेगळं करून दाखवा म्हटलं तर कसं दाखवणार?

सिमोना हालेप आठवते? रोमानियाची टेनिसपटू. 2008 मध्ये फ्रेंच ओपनची ज्युनिअर चॅम्पियन झालेली ही मुलगी 2009 मध्ये, सतरा वर्षांची असताना याच ऑपरेशनला सामोरी गेली. कोर्टवर हालचाल जड जात होती हे तिने सांगितलंच, पण खेळाडू नसते तरी हे केलं असतं, असंही ती उघडपणे म्हणाली. 2017 मध्ये ती जगात नंबर वन झाली, 2018 मध्ये फ्रेंच ओपन जिंकली, 2019 मध्ये विम्बल्डनच्या फायनलमध्ये सेरेना विल्यम्सला 6-2, 6-2 असं हरवलं. तिचं उदाहरण देताना लोक नेहमी ट्रॉफ्या मोजतात. मला तिचं ते दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्यापैकी कुणीही विम्बल्डन खेळणार नाहीये. आपल्याला लेक्चरला ताठ बसायचंय, बस्स.

‘कॉस्मेटिक’ हा शब्द या सगळ्याच्या मध्ये येऊन बसतो, आणि तो फक्त बोलण्यापुरता नसतो, त्याला पैसे लागतात. आरोग्य विम्यात रूप बदलण्यासाठीच्या प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळत नाही, असं कलम असतं. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना याला अपवाद आहे. आणि तब्येतीला थेट, तातडीचा धोका असेल, तो दूर करायला उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसं लिहून दिलं असेल, तर तोही अपवादात बसतो. आता रोजची मानदुखी हा ‘थेट आणि तातडीचा धोका’ कसा ठरवायचा? आमचा क्लेम फेटाळला गेला. खर्च लाखांच्या घरात होता, बाबांनी एफडी मोडली. हा शब्द बदलून घ्यायला भांडावं लागतं, आणि भांडायचं तर आधी तो विषय मोठ्याने उच्चारावा लागतो. गाठीची स्टोरी सांगून क्लेमवर अपील करता येत नाही.

आता रिकव्हरी. याबद्दल कुणीच काही सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर. कित्येक आठवडे रात्रंदिवस सर्जिकल ब्रा. झोपायचं पाठीवरच, उशांचा ढीग लावून. कुशीवर वळणं बंद. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, म्हणजे टी-शर्ट घालता येत नाही, केस बांधता येत नाहीत. मी तीन आठवडे बाबांचे पुढून बटणं असलेले शर्ट घातले आणि बारावीनंतर पहिल्यांदा आईकडून वेणी घालून घेतली. खोकला आला की डोळ्यांपुढे तारे. हसणंही महाग, त्यामुळे भावाला माझ्या खोलीत बंदी होती. पेनकिलरने गुंगी येते, पुस्तकाचं एक पान वाचायला अर्धा तास लागतो. आणि पाचव्या-सहाव्या दिवशी, सगळं व्यवस्थित असताना, विनाकारण रडू येतं. ते येतं आणि जातं.

खरी परीक्षा कॉलेज सुरू झाल्यावर. दोन-तीन आठवड्यांत तुम्ही चालत्या-फिरत्या होता, बाहेरून काहीच दिसत नाही. सर्जनचा कागद मात्र सांगतो की सहा आठवडे वजन उचलायचं नाही. सॅकमध्ये लॅपटॉप, डबा आणि बाटली, झाले चार किलो. स्कूटी बंद, कारण हँडलचा ताण येतो आणि शिवाय नाशिकचे खड्डे. मग सिटीलिंक. निमाणीहून सुटणाऱ्या भरलेल्या बसमध्ये वरचा दांडा धरता येत नसेल तर उभं कसं राहायचं, हे करून बघा एकदा. बावीसच्या आतल्या, धडधाकट दिसणाऱ्या मुलीला सीट कोण देणार? एका आजींनी ‘तरुण पोरी, उभं राहायला काय होतं’ असं ऐकवलं. पायात प्लास्टर असतं तर त्याच आजींनी हाताला धरून बसवलं असतं.

आणि हजेरी. 75 टक्क्यांचा नियम सगळ्यांना पाठ आहे. मेडिकल सर्टिफिकेट घेऊन मी ऑफिसच्या खिडकीवर गेले. मागे रांग. सर्टिफिकेटवर ‘रिडक्शन मॅमोप्लास्टी’ असं लिहिलेलं. ‘हे कसलं ऑपरेशन?’ असा प्रश्न काचेपलीकडून आला, चांगला खणखणीत. मी हळू आवाजात काहीतरी म्हटलं. ‘मोठ्याने बोला.’ कॉलेजचं नाव लिहीत नाही, लिहून फरकही पडणार नाही, कारण ही खिडकी तुमच्याही कॉलेजात आहे. गंमत म्हणजे गोव्याला जाऊन आलेल्या मुलांची काविळीची सर्टिफिकेटं त्याच खिडकीतून बिनबोभाट आत जातात. कावीळ म्हटलं की कुणी विचारत नाही कुठे झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे: कॉलेजला तारखा हव्या असतात, अवयव कशाला हवा? ‘शस्त्रक्रिया झाली आहे, अमुक तारखेपर्यंत विश्रांती, तमुक तारखेपर्यंत वजन उचलू नये’ एवढं डॉक्टरच्या सही-शिक्क्यानिशी पुरेसं असायला हवं. खात्री करायचीच असेल तर मूळ कागद एका ठरलेल्या शिक्षिकेने बंद खोलीत बघावेत. गर्भाशयातली गाठ, मूळव्याध, मानसिक आजारावरचे उपचार, यातलं काहीही झालेल्या विद्यार्थ्याला याचा उपयोग होईल, मुलग्यांनाही. मुलग्यांची छाती वाढते, त्याचंही ऑपरेशन होतं; तेही असेच गायब होतात. हे काही अशक्य नाही. कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने जानेवारी 2023 मध्ये विद्यार्थिनींना पाळीसाठी दर सेमिस्टरला हजेरीत दोन टक्क्यांची सूट दिली, आणि लगेच केरळ सरकारने राज्यातल्या इतर विद्यापीठांनाही ती लागू केली. एका विद्यापीठातल्या मुलींनी विषय लावून धरला म्हणून झालं.

नियम नसतानाही माणसं वाट काढतात, हेही सांगायला हवं. आमचं कॅमेऱ्याचं प्रॅक्टिकल होतं. कॅमेरा आणि ट्रायपॉड उचलणं मला शक्य नव्हतं. एका मॅडमना मी खरं सांगितलं. त्यांनी एक सेकंदही डोळे विस्फारले नाहीत. ‘तू एडिटिंग टेबलवर बस, शूट दुसरं कुणीतरी करेल, मार्क दोघींना सारखे,’ एवढंच म्हणाल्या. मला वाटलं होतं त्याच्या एक दशांशही अवघड गेलं नाही ते.

2021 मध्ये हेमांगी कवीने ‘बाई, बुब्स आणि ब्रा’ ही पोस्ट लिहिली तेव्हा आमच्या घरी ती आई आणि मी वेगवेगळ्या खोल्यांत, आपापल्या मोबाइलवर वाचली होती. जेवताना त्यावर कुणी बोललं नाही. मराठीत छाती ठोकून सांगतात, छाती पुढे काढून चालतात, एखाद्या कामाला छाती लागते. मुलीची छाती आली की त्याच घरात ‘ओढणी नीट घे’ एवढंच वाक्य उरतं. आई आता बोलते. परवा सोसायटीतल्या एका काकूंना तिने सगळं खरं सांगितलं, कारण त्यांच्या मुलीलाही तोच त्रास आहे. सांगून झाल्यावर ‘कुणाला बोलू नका हं’ असंही म्हणाली. ठीक आहे, हळूहळू.

तुमच्या ग्रुपमधली कुणी या ऑपरेशनला जाणार असेल, तर थोडी कामं आहेत. ‘आता साइझ काय?’ विचारू नका. व्रण दाखव म्हणू नका. ते आधी गडद होतात, फिके पडायला वर्ष किंवा जास्तही लागतं, तिलाच अजून त्यांची सवय नसते. तिची सॅक उचला, न विचारता. बसमध्ये तिच्या पुढे उभे राहा म्हणजे धक्का लागणार नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून द्या, पहिल्या आठवड्यात तेही जमत नाही. तिला हसवू नका. आणि नोट्सचे फोटो पाठवणार असाल तर कृपा करून सरळ काढा, पाठीवर पडून वाचणाऱ्या माणसाला मान वाकडी करता येत नाही.